खारीचा बांध आणि गावाचे देऊळ

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कलश चढला, घंटा वाजली, महाप्रसाद झाला. अशा प्रसंगी देवाचे माहात्म्य सांगण्याची रीत आहे आणि ते काम कीर्तनकार बुवांनी काल रात्री उत्तम केले. आजच्या व्याख्यानाचा विषय थोडा निराळा आहे. ज्या भुईवर हे देऊळ उभे आहे, त्या भुईची ही हकीकत आहे. उरण तालुक्यातील भाताची आणि मिठाची गावे दोन पिढ्यांत मुंबईची उपनगरे कशी झाली, त्यात काय मिळाले, काय गेले आणि काय अजून राखता येण्याजोगे आहे, याचा विचार देवाच्या दारात झाला तर तो अधिक प्रामाणिकपणे होईल.

उरणचा परिसर पूर्वी कारंजा बेट म्हणून ओळखला जाई. उत्तरेस एक डोंगर, दक्षिणेस द्रोणागिरी आणि मधे सखल सपाटी. हनुमंत संजीवनीचा पर्वत घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे पडला आणि त्याचाच हा द्रोणागिरी झाला, अशी श्रद्धा वाडवडिलांपासून चालत आली आहे. करंजाची द्रोणागिरी देवी कोळी बांधवांचे दैवत. समुद्रात जाणारा मनुष्य तिला हात जोडून जातो आणि परत आला की पुन्हा हात जोडतो.

या भागातील शेतीचा जुना पुरावा कागदावर नाही, तो दगडावर आहे. उरणजवळच्या चांजे येथे शिलाहार राजा अपरादित्य याचा शके १०६० चा शिलालेख सापडला. इंग्रजी कालगणनेने ते बाराव्या शतकाचे पूर्वार्ध होय. राजाने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यार्थ नागाव येथील एक शेत दान दिले, त्याची ती नोंद आहे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी येथे शेत होते, त्याचे मोल होते, आणि आईच्या स्मरणार्थ द्यावे असे राजालाही वाटावे, एवढी त्याची योग्यता होती. ही गोष्ट मनात ठेवावी, कारण व्याख्यानाच्या शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

या सपाटीचा मोठा भाग निसर्गाने दिलेला नव्हे. तो माणसांनी समुद्राकडून मिळवला आहे. नव्या पिढीला हे सांगावे लागते, कारण बांध ज्यांनी घातले ते गेले आणि बांध ज्यांनी राखले तेही आता थोडेच उरले. खाडीकाठी तिवरांचे रान असे. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत येई. ओहोटी लागली म्हणजे गावकरी चिखलात उतरत, चिखलाच्या ढेपा एकावर एक रचून बांध उचलीत आणि शेवटचे तोंड बंद करण्यासाठी भांगाच्या भरतीची वाट पाहात, कारण त्या दिवसांत पाण्याला जोर कमी असतो. बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवीत. आतले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर जाई आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ पाहील तेव्हा तीच उघाडी त्याला अडवी. मग दोनतीन पावसाळे जमीन धुवून निघे, मिठाचा अंश खाली बसे आणि खारे पाणी सोसणारे तांबड्या दाण्याचे राता भात तेथे धरू लागे. गोड्या जमिनीत राब भाजून, रोप करून आवणी करतात. खारीत बहुधा मोड आलेले बी चिखलावर फेकीत. इतके केल्यावर त्या भुईला खार किंवा खारजमीन म्हणत.

इंग्रजी अमलाच्या आधीपासून कुलाबा भागात अशा जमिनींची शिलोत्री नावाची वेगळी पद्धत होती. बाहेरचा समुद्राकडील मोठा बांध शिलोत्रीदाराने राखावा, त्यासाठी पिकातून त्याला ठराविक धान्य मिळावे आणि आतले लहान बांध रयतेने राखावेत, असा हा व्यवहार. पुढे कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन बांध राखला. एका बांधाच्या आत ज्यांची शेते, त्या सर्वांचा मिळून जोळ. उन्हाळ्यात जोळाची माणसे ठरलेल्या दिवशी बांधावर जात आणि घरटी एक माणूस मातीला लागे. ज्याचे शेत दहा गुंठे त्यानेही यावे आणि ज्याचे दहा एकर त्यानेही यावे.

याचे कारण साधे होते. बांधाला खांड पडली की ती कोणाच्या शेतासमोर पडली याला काही अर्थ उरत नसे. आषाढ-श्रावणातील अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, वरून पाऊस, समोरून वारा, अशा रात्री कोणी ओरडत आला की सारा गाव कंदील, टोपल्या आणि पेंढ्याचे भारे घेऊन धावत सुटे. खांड रात्रीत बुजली तर पीक वाचे. नाही बुजली तर खारे पाणी सर्वांच्या शेतांत पसरे आणि पुढील दोनतीन वर्षे जमीन नापीक होई. म्हणून दूरच्या शेताचा मालकही जवळच्या खांडीवर छातीभर पाण्यात उभा राहिला. त्याला आपण परोपकार करतो आहोत असे वाटत नसे, ते त्याचेच काम होते. भाऊबंदकीचे दावे कचेरीत चालू असलेली माणसेही त्या रात्री एकमेकांच्या हाती ढेपा देत.

भाताच्या जोडीला मीठ होते. आगर म्हणजे मिठागर आणि आगरी समाजाचे नावच त्याच्याशी जोडलेले आहे. दिवाळीनंतर भात झोडून झाले की माणसे आगरात उतरत. भरतीचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यावे, उन्हाने आटू द्यावे, मग लहान कोंड्यांत सोडावे, तळाशी मिठाचे खडे धरले की लाकडी फावड्याने ओढून राशी कराव्यात. हे काम वळवाचा पाऊस येईपर्यंत चाले. आगरात काम करणाऱ्याच्या पायांना मिठाने भेगा पडत आणि त्या वर्षभर भरून येत नसत. मीठ, भात, गवत आणि पेंढा मचव्यांतून मुंबईला जाई. मोऱ्याच्या बंदरातून भाऊच्या धक्क्याला माणसे जात. आधी शिडाच्या होड्या होत्या, मग लाँच आल्या. मुंबई डोळ्यांसमोर होती, परंतु मधे समुद्र होता आणि त्या समुद्राने बराच काळ गावाला गाव ठेवले.

गावाचा देव या साऱ्या कामात सामील होता. पेरणीआधी त्याला नारळ, शेताच्या कडेला राखण, पीक तयार झाले की पहिल्या लोंब्या त्याच्यापुढे आणि नव्या तांदळाचा पहिला भात त्याला. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा, घरोघर साखरचौथीचा गणपती, शिमग्याला होळीभोवती सारा गाव, चैत्रात पालखी. देऊळ कौलारू, खांब लाकडी, मंडप शेणाने सारवलेला. बांधाच्या कामाचे दिवस त्याच मंडपात ठरत. कोणाकडून माणूस आला नाही, त्याला पंच विचारीत तेही तेथेच. थोडक्यात, खार समुद्राच्या बाजूने बांधाने राखली आणि गावाच्या बाजूने देवळाने राखली.

तथापि जुने ते सारे सोन्याचे होते असे म्हणणे खरे होणार नाही. त्याच काळी खोत होता, सावकार होता, कूळ होते आणि पिकाचा मोठा वाटा दुसऱ्याच्या कणगीत जात असे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेते न कसण्याचा निश्चय केला. तो संप पंचवीस गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे माणसांनी जंगलात लाकडे तोडून, मिळेल ते खाऊन दिवस काढले, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या लढ्याला पाठिंबा दिला. त्याआधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरण तालुक्यातच चिरनेरजवळ अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. सरकारने राखीव केलेल्या रानात हक्काने लाकूड तोडावयास गावोगावचे लोक जमले होते. गोळीबार झाला आणि नाग्या महादू कातकरी यांच्यासारखे सामान्य, गरीब लोक देशासाठी मरण पावले. आगरी, कोळी, कराडी, कातकरी अशा साऱ्यांचे रक्त त्या मातीत आहे.

स्वातंत्र्य आले आणि हा लढा फळाला आला. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, यांनी कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आणले. १९४८ मध्येच खारजमिनींसाठी कायदा होऊन बांधांच्या कामात सरकारचा हात आला. आजोबांनी ज्या शेतात कूळ म्हणून घाम गाळला, ते शेत वडिलांच्या नावे झाले. घरात पेढे वाटले गेले, देवाला पहिली पालखी शेतमालक म्हणून निघाली. या आनंदाला जेमतेम तेरा वर्षे झाली होती, तोच १९७० साल उजाडले.

मुंबई दाटली होती. समुद्रापलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. नकाशावर नव्या मुंबईचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र रंगवण्यात आले. रंगवलेल्या त्या कागदात उघाड्या होत्या, जोळ होते, देवाच्या नावाची शेते होती. त्यांना मात्र निराळा रंग नव्हता.

त्याच सुमारास समुद्रातून दुसरे नशीब आले. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि ते तेल व वायू घेण्यासाठी उरणच्या किनाऱ्यावर मोठा प्रकल्प उभा राहिला. वायूवर चालणारे वीजकेंद्र आले. मग न्हावा-शेवा बंदर आले, जे २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. शेवा गाव आणि शेवा कोळीवाडा यांना आपली जागा सोडावी लागली आणि दुसरीकडे नवे शेवा व हनुमान कोळीवाडा वसले. ज्या कोळ्याच्या उंबऱ्याला भरतीचे पाणी लागे, त्याच्या घराला नव्या जागी वाळवी लागली, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. देशाचे मोठे बंदर झाले, पण त्या बंदराच्या पायाखाली एक गाव आहे, हे देशातल्या किती लोकांना ठाऊक असेल?

जमिनीच्या भावाचा प्रश्न पेटला तो १९८४ साली. जासईचे सुपुत्र लोकनेते दि. बा. पाटील यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. मागणी अशी होती की, शहर व्हावे, परंतु ज्यांच्या शेतात ते होते त्यांना योग्य मोबदला मिळावा आणि त्या शहरात त्यांचा वाटा राहावा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर फाटा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. ते चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांचे होते. त्या दिवशी पुरुषांच्या बरोबरीने बायका रस्त्यावर होत्या, हे विसरता कामा नये. खांड पडल्यावर जशी माणसे धावत, तशीच ती धावली होती. फरक इतकाच की या वेळी पाणी समुद्राकडून आले नव्हते.

त्या बलिदानातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे आले. १९९० साली शासनाने ते योजना म्हणून मान्य केले. संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यावा, असे हे तत्त्व. पुढे महाराष्ट्रात आणि बाहेरही भूसंपादनाच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. हा उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी देशाला दिलेला धडा आहे. त्याचा अभिमान बाळगावा आणि त्याचा हिशेबही नीट समजून घ्यावा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सोयींसाठी वजावट जाता हाती येतात साडेतीन गुंठे. घरात चार भाऊ आणि तीन बहिणी असतील तर प्रत्येकाला अर्धा गुंठा. चाळीस गुंठ्यांत सात माणसे वर्षानुवर्षे जेवत होती. अर्ध्या गुंठ्याची किंमत त्या चाळीस गुंठ्यांच्या जुन्या किमतीहून कितीतरी जास्त झाली, हे खरे. पण ती एकदाच हाती येते आणि भात दरवर्षी येत असे, हेही तितकेच खरे.

या पैशाने पुष्कळ चांगले झाले. कौले गेली, स्लॅब आले. मुले इंजिनिअर झाली, मुली पदवीधर आणि शिक्षिका झाल्या. पायांना मिठाच्या भेगा पडलेल्या मातेची नात आज बंदरातील कचेरीत संगणकावर बसते, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. कोणी ट्रेलर घेतले, कोणी दुकाने काढली. काही पैसा मात्र लग्नाच्या मांडवात, हळदीच्या रात्रीत, गाड्यांत आणि कोर्टकचेऱ्यांत वाहून गेला. उघाडी वेळेवर बंद केली नाही तर काय होते, हे ज्या लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, त्यांच्याच घरात हे घडले, याचे आश्चर्य वाटते.

सर्वांत मोठी खांड पडली ती नात्यांत. सातबाऱ्यावर नुसती माती होती तोवर बहीण वाटा मागत नसे आणि भाऊही तिचा मान राखी. दिवाळीला तांदळाची गोण आणि वालाचे गाठोडे तिच्या घरी पोचत असे. भूखंडाचा प्रश्न आला तसा हक्कसोडपत्राचा कागद आला. कायद्याने, २००५ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच, मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. कोणी प्रेमाने सही दिली, कोणी न वाचता दिली, कोणी दिली नाही म्हणून तिला माहेरचा उंबरठा बंद झाला. किती घरांत भाऊबीज थांबली, हे ज्याचे त्याने मनात मोजावे. आज या मंडपात ज्या लेकी आल्या आहेत, त्यांतील काही पुष्कळ वर्षांनी आल्या असतील. देवाच्या निमित्ताने त्या आल्या. आता भावांच्या निमित्तानेही याव्यात, एवढे ज्याच्या त्याच्या घरी पाहावे.

दुसरी गोष्ट भूमिहीनांची. मोबदला सातबाऱ्याला मिळाला. ज्याच्या नावे सातबारा नव्हता, पण ज्याचे पोट त्याच शेतावर आणि आगरावर होते, तो आगरातला मजूर, गावाचा बलुतेदार, डोंगराच्या पायथ्याचा कातकरी, खाडीत हाताने मासळी धरणारी बाई, यांच्या वाट्याला भूखंडाचा मोठा हिस्सा आला नाही. शेत गेले तशी त्यांची मजुरी गेली. भराव झाला तशी खाडी गेली. बांधाला पहिली टोपली मातीची टाकणारे पुष्कळदा हेच हात होते.

पुढील घटना ताज्या आहेत, त्या थोडक्यात सांगता येतील. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होतेच. नव्या शतकात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण, पनवेल भागांतील जमिनी मागितल्या गेल्या. तेव्हा लोकांचा विरोध झाला आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत प्रत्यक्ष अजमावण्यात आले. तो प्रकल्प पुढे गेला नाही. १९८४ चा अनुभव त्या वेळी कामास आला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठीही पनवेलकडील गावांना स्थलांतर करावे लागले. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून हजारो लोक रस्त्यावर आले आणि राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये तसा ठराव केला. मोऱ्याहून लाँचसाठी भरतीची वाट पाहणाऱ्यांच्या नातवंडांना आज मुंबई पाऊण तासावर आली. मधला समुद्र संपला.

गाव मात्र दाटले. गावठाणाचा विस्तार वेळेवर झाला नाही, घरे वाढत गेली, लेकरांच्या संसारासाठी बांधलेल्या गरजेपोटीच्या घरांवर अनधिकृत असा शिक्का बसला. भोवतालच्या भरावाने नवे रस्ते उंच झाले आणि जुने गाव खळग्यात गेले. पावसाचे पाणी ज्या उघाडीतून समुद्राला जाई ती कोणाच्या तरी आवाराखाली गाडली गेली, म्हणून तेच पाणी आज अंगणात उभे राहते. गावकऱ्यांनी अर्ज केले की, नवे अधिकारी नकाशा काढतात. नकाशात उघाडी नसते. ती दाखवू शकेल असा एखादा म्हातारा अजून गावात असतो, पण त्याला कोणी बोलावत नाही.

येथे एक गंमत पाहावी. रेल्वेचा नवा मार्ग झाला, त्यावर खारकोपर आणि शेमटीखार अशी स्थानके आहेत. रोज हजारो प्रवासी ही नावे वाचतात. खार म्हणजे काय, हे त्यांतील कितीजणांना माहीत असेल? भात नाही, बांध नाही, पण नावाने जागा धरून ठेवली आहे. नाव हीदेखील एक प्रकारची मेंढ आहे. ती राहिली तर हद्द राहते.

यावरून आजच्या मूळ मुद्द्याकडे येता येईल. शेत नसलेल्या गावात देवळाचे काम काय? पेरणी नाही, मग नारळ कशासाठी? नवे पीक नाही, मग पहिला भात कोठला? काही सुशिक्षित तरुण विचारतात की, एवढा खर्च संगमरवरावर करण्यापेक्षा वाचनालय काढले असते तर काय बिघडले असते? प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागाने उत्तर देऊ नये. त्याचे उत्तर असे की, या गावात आज सर्वांच्या मालकीचे असे फारच थोडे उरले आहे. शेते गेली, गुरचरण गेले, आगर गेले, खाडी गेली. जे उरले ते कोणाचे तरी आहे. सर्वांचे मिळून असलेले हे एकच ठिकाण राहिले. म्हणजे हा गावाचा शेवटचा बांध होय. त्याला राखले तर गाव राहील, नाहीतर उपनगरातील एक गल्ली राहील. देवळाच्या मंडपात वाचनालयही बसू शकते आणि अभ्यासाला जागा नसलेल्या मुलांसाठी रात्री एक दिवाही लागू शकतो. बांध राखणे म्हणजे त्याची पूजा करणे नव्हे. त्याच्या आत काही पिकवावे लागते.

देणगीदारांच्या औदार्याला तोड नाही. कोणी लाखांत दिले, कोणी शेकड्यांत. थोडे देणारा विनयाने म्हणतो, हा माझा खारीचा वाटा. रामाच्या सेतूला वाळूचे कण वाहणारी ती खार सर्वांना ठाऊक आहे. पण या भागात खारीच्या वाट्याला दुसराही अर्थ आहे. खारीत ज्याचा वाटा त्याने बांधावर यावयाचे, असा तो अर्थ. पैसे पाठवून बांध राखला गेला नाही, त्याला माणूस लागला. जे ग्रामस्थ आज मुंबई, ठाणे, पुण्यास किंवा परदेशी आहेत, त्यांनी दिलेल्या रकमेबद्दल गाव ऋणी आहे. त्यांनी वर्षातून एकदा लेकरांना घेऊन यावे, ही त्याहून मोठी देणगी होईल.

समितीपुढे, अधिकार नसतानाही, तीन गोष्टी ठेवाव्याशा वाटतात असे कोणीही सुजाण ग्रामस्थ म्हणेल. पहिली म्हणजे शेतांच्या नावांची वही. प्रत्येक खाचराला नाव होते. कोणते झाडावरून, कोणते उघाडीवरून, कोणते एखाद्या आजीच्या नावावरून. सातबाऱ्यावर फक्त गट नंबर असे, नाव तोंडी चाले. ज्यांना ती नावे आठवतात ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. शाळेच्या मुलांनी वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी बसावे, नाव, ठिकाण, कोणाचा वहिवाट होता आणि आज तेथे काय आहे, हे लिहून घ्यावे, जुन्या उघाड्यांच्या जागाही नोंदवाव्यात आणि ती वही देवळात ठेवावी. चांजेच्या दगडाने नऊशे वर्षे एका शेताची आठवण राखली. या गावाला एक वही राखणे अवघड नाही.

दुसरी गोष्ट देणगीच्या फलकाची. संगमरवरावर आकडे आणि नावे कोरली जातात, ते योग्यच. त्याच्या शेजारी एक ओळ आणखी असावी, ज्यांनी बांध घातला, आगर ओढले आणि ज्यांच्या नावे काही नव्हते, त्या सर्वांसाठी. तिला खर्च फार येणार नाही. पालखीचा मार्गही एकदा नीट पाहावा. ती कातकरवाडीच्या वळणावरून परत फिरत असेल, तर पुढल्या चैत्रात चार पावले पुढे जावी.

तिसरी गोष्ट पंचांच्या हातची आहे. जमिनीचे आणि मोबदल्याचे जे दावे भाऊ-भाऊ, भाऊ-बहीण यांत चालू आहेत, त्यांतील जेवढे समजुतीने मिटतील तेवढे याच मंडपात, दोन्ही बाजूंना समान मान देऊन मिटवावेत. बहिणीची सही हवी असेल तर तिला आधी कागद वाचून दाखवावा आणि तिचा नकार असेल तर तोही ऐकून घ्यावा. पूर्वीच्या पंचांनी खांडीवर न आलेल्या माणसाला जाब विचारला. आजच्या पंचांनी बहिणीच्या दारी न गेलेल्या भावाला विचारावा.

खारीत जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. समुद्र कायमचा हटत नाही. तो रोज दोनदा येऊन बांधाला हात लावून पाहतो. शहरही तसेच आहे. ते आले, ते राहणार, त्याच्याशी वैर करून भागणार नाही आणि त्याला सगळीकडून मोकळी वाटही देता येणार नाही. काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, यासाठी उघाडी लागते आणि तिच्यावर शहाणा माणूस बसवावा लागतो. ते शहाणपण या मातीत पुष्कळ होते. ते अजूनही काही घरांच्या ओटीवर बसलेले आहे. त्याला हाक मारून मंडपात आणावे.

कलश वर चढला, तो दुरून दिसेल. सेतूवरून येणाऱ्यालाही कदाचित दिसेल. पाया मात्र दिसत नाही. तो त्याच काळ्या मातीत आहे, जी कोणीतरी ओहोटीच्या वेळी, कमरेइतक्या चिखलात उभे राहून, पुढच्याच्या हाती दिली होती.

ग्रामदेवता सर्वांचे कल्याण करो, माहेरवाशिणींना सुख देवो आणि गावाचा बांध अखंड राखो.